परवान्याचा जुगार आणि आपल्या घराचा हिशेब



मागच्या महिन्यात प्रभाग संघाच्या बैठकीत कर्जफेडीचा विषय चालू होता. दोन गटांचे हप्ते थकले होते. चर्चा करता करता एक ताई हळूच म्हणाली, "खरं सांगू का, पैसा शेळीत गेलाच नाही. घरातल्यांनी मोबाईलवर घालवला." सगळ्या गप्प झाल्या. मग कोपऱ्यातली दुसरी ताई म्हणाली, "त्यापेक्षा सरकारनं एकदाचा कायदेशीर करून टाकावा जुगार. गोव्यात नाही का चालत? निदान चोरून तरी होणार नाही." लगेच तिसरी उठली, "दारूचं दुकान कायदेशीर हाय, म्हणून काय दारू चांगली झाली का?"

त्या दिवशी वाद अर्धाच राहिला, कारण सगळ्यांना घरी जायची घाई होती. म्हणून तो विषय या अंकात नीट मांडू या. कॅसिनो म्हणजे काय, सरकार त्याला परवाना का देतं, आपल्या महाराष्ट्रात काय घडलं, आणि या सगळ्याचा आपल्या गटाच्या पेटीशी काय संबंध, हे एकेक करून पाहू.

कॅसिनो म्हणजे काय?

कॅसिनो म्हणजे जुगाराचं मोठं, चकचकीत दुकान. आपल्याकडे पाराखाली नाहीतर शेतातल्या कोठ्यात तिरट खेळतात, टपरीच्या मागे कल्याण मटक्याचा आकडा लावतात. कॅसिनोत तेच काम दिव्यांच्या झगमगाटात, गणवेशातली माणसं ठेवून चालतं. पत्ते असतात, बटण दाबायची यंत्रं असतात, आकडे लिहिलेलं गोल फिरणारं चाक असतं. फरक एवढाच की मटकेवाला पोलिसांना लपून चालवतो आणि कॅसिनोवाला सरकारला शुल्क भरून, पाटी लावून चालवतो.

लॉटरीचं काय, असं कोणी विचारेल. लॉटरीसुद्धा नशिबाचाच खेळ आहे. पण तिला वेगळा कायदा आहे. महाराष्ट्र सरकार स्वतः १९६९ सालापासून राज्य लॉटरी चालवतं आणि १९९८ सालच्या केंद्रीय कायद्याने राज्यांना तशी मुभा दिली आहे. म्हणजे एक जुगार गुन्हा आणि दुसरा सरकारी, असं आपल्याकडे आधीपासून आहे. कोणता गुन्हा धरायचा आणि कोणता चालू द्यायचा, हे सरकार ठरवत असतं.

हे ठरवतं कोण?

आपल्या राज्यघटनेत केंद्राने कोणत्या विषयावर कायदा करायचा आणि राज्याने कोणत्या, याच्या याद्या आहेत. "पैज आणि जुगार" हा विषय राज्यांच्या यादीत आहे. त्यावर कर बसवण्याचा अधिकारही पूर्वी राज्यांच्याच यादीत होता. म्हणून गोव्यात आणि सिक्कीममध्ये कॅसिनो चालतो आणि आपल्याकडे चालत नाही.

आपल्याकडे जुगार रोखणारा जो कायदा आहे तो १८८७ सालचा, इंग्रजांच्या काळातला आहे. जुगाराचा अड्डा चालवणं आणि तिथं खेळणं, दोन्ही त्यात गुन्हा आहे. मात्र ज्या खेळात नशिबापेक्षा कौशल्य जास्त लागतं त्याला या कायद्यातून सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली एका खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं. त्याच शब्दाचा आधार घेऊन पुढे रमीचे ॲप मोबाईलवर आले. ते पुढे पाहूच.

महाराष्ट्रात झालेला, पण कधीच न चाललेला कायदा

आता जी गोष्ट सांगते ती आपल्यापैकी बऱ्याच जणींना माहीत नसेल. महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी देणारा कायदा झाला होता. वर्ष होतं १९७६. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते. विधिमंडळाने कॅसिनोवर नियंत्रण आणि कर बसवण्याचा कायदा मंजूर केला. परवाना घ्यायचा, कर भरायचा आणि कॅसिनो चालवायचा, अशी त्याची कल्पना.

पण कायदा मंजूर झाला म्हणजे लगेच लागू होतोच असं नाही. "अमुक तारखेपासून हा कायदा लागू" असं सरकारने राजपत्रात जाहीर करावं लागतं. या कायद्याची ती तारीख कधी जाहीरच झाली नाही. किती सरकारं आली आणि गेली, पण ती तारीख कुणी लिहिली नाही. मधल्या काळात कॅसिनो सुरू करा अशी मागणी होत राहिली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. पर्यटन वाढेल, महसूल मिळेल, असं एक बाजू म्हणायची. घरं मोडतील, असं दुसरी बाजू म्हणायची. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा कायदा रद्द करायचं ठरवलं आणि पुढे विधिमंडळाने तो रद्द केला. सत्तेचाळीस वर्षं कायदा कागदावर राहिला आणि कागदावरूनच गेला.

म्हणून आज कोणी सांगितलं की "आपल्या जिल्ह्यात आता कॅसिनोला परवानगी मिळाली", तर विश्वास ठेवू नका. महाराष्ट्रात कोणालाही कॅसिनोचा परवाना नाही.

गोव्याने काय केलं?

गोव्यात १९७६ सालच्याच जुगारविरोधी कायद्यात नंतर दुरुस्त्या झाल्या. १९९२ साली पंचतारांकित हॉटेलात जुगाराची यंत्रं ठेवायला परवानगी मिळाली. १९९६ साली पाण्यावरच्या बोटींत पत्त्याचे आणि चाकाचे खेळ ठेवायला मिळाली. आज पणजीला मांडवी नदीत या बोटी उभ्या दिसतात. एकेका परवान्यासाठी वर्षाला कोट्यवधी रुपये शुल्क भरावं लागतं. शिवाय जीएसटी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो कॅसिनोवर ४० टक्के आहे.

गोव्याला त्यातून पैसा मिळतो, हे खरं. तरुणांना नोकऱ्या मिळतात, हॉटेलं आणि टॅक्सी चालतात, हेही खरं. पण त्याच गोव्याच्या सरकारने १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या लोकांना कॅसिनोत जाऊन खेळायला बंदी केली. नोकरी करायला जाता येतं, खेळायला नाही. बाहेरच्याने यावं, पैसे घालवावे आणि जावं. आपल्या माणसाने मात्र आत पाऊल टाकू नये.

आणखी लांबचं उदाहरण सिंगापूरचं. तिथं २०१० साली दोन कॅसिनो सुरू झाले. परदेशी पाहुण्याला आत जायला पैसे लागत नाहीत. पण तिथल्या नागरिकाला नुसतं दार ओलांडायला मोठी फी भरावी लागते. आता ती एका दिवसाची १५० डॉलर आहे, आपले हजारो रुपये. सरकारी मदतीवर जगणाऱ्या माणसाला प्रवेशच नाही. आणि आपल्यासारख्या बायकांना महत्त्वाची गोष्ट ही, की जुगाराने घर अडचणीत आलं असेल तर बायको, आईबाप किंवा मुलं अर्ज करून त्या माणसाला कॅसिनोत येण्यास मनाई करवून घेऊ शकतात.

पाहा, ज्यांनी जुगाराला परवाना दिला, त्यांनीही आपल्या घरच्यांसाठी दार बंदच ठेवलं किंवा अरुंद केलं. कॅसिनो घातक नसता, तर हे कशाला करावं लागलं असतं?

दोन्ही बाजू ऐकून घ्या

परवाना द्यावा म्हणणाऱ्यांची बाजू अगदीच खोटी नाही. ते म्हणतात, बंदी असून मटका बंद झाला का? मुंबईत १९६० च्या दशकात मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा जाहीर करायचे, म्हणून त्याचं नाव मटका पडलं. तेव्हापासून तो बंदीतच आहे आणि तरी प्रत्येक तालुक्याच्या गावाला आहे. बंदीमुळे सरकारचा कर बुडतो, पैसा गुंडांकडे जातो आणि हरलेल्याला दाद मागायला जागा राहत नाही. परवाना दिला तर हिशेब तपासता येईल, २१ वर्षांखालच्या पोरांना अडवता येईल.

बंदी ठेवावी म्हणणारे सांगतात, परवाना मिळाला की लाज जाते. जो माणूस चोरून शंभर रुपये लावायचा तो उघड हजार लावतो. आणि एकदा सरकारी तिजोरीला त्या पैशाची सवय लागली की दुकान बंद करणं अवघड होतं.

ही दुसरी गोष्ट आपण दारूच्या दुकानात अनुभवली आहे. विनापरवाना हातभट्टी असेल तर एका तक्रारीवर पोलीस ती फोडू शकतात. पण परवान्याचं देशी दारूचं दुकान बंद करायचं तर आडवी बाटली करावी लागते. आधी किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या, मग मतदान, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तरच दुकान बंद. ज्या गावांनी हे केलं त्या गावातल्या बायकांना विचारा, किती उंबरे झिजवले.

म्हणजे परवाना दिला तर सगळं प्रश्न सुटतात असं नाही, आणि नुसती बंदी लिहिली तरी सुटत नाहीत. उद्या कोणी तुमच्यापुढे कॅसिनोचा मुद्दा मांडला तर हे तीन प्रश्न विचारा. खेळणारा कोण असेल, बाहेरचा पर्यटक की आपल्याच गावचा माणूस? उधारीवर खेळू देणार का? आणि घरच्या बाईला ते थांबवण्याचा अधिकार असेल का? या तिन्हींचं नीट उत्तर नसेल, तर तो नियम फक्त कर गोळा करण्यासाठी आहे.

हिशेब करून बघा

जुगारात आज ना उद्या आपण जिंकू, असं खेळणाऱ्याला वाटतं. इथं नशिबापेक्षा गणित कामाला येतं.

कॅसिनोतल्या चाकावर शून्य ते छत्तीस असे ३७ आकडे असतात. एका आकड्यावर १०० रुपये लावले आणि तो आला तर लावलेल्या १०० सकट ३,६०० रुपये हातात येतात. ऐकायला भारी वाटतं. पण समजा सगळ्या ३७ आकड्यांवर कोणी ना कोणी शंभर शंभर लावले. जमा झाले ३,७००. देणं झालं ३,६००. शंभर रुपये कॅसिनोकडे राहिले. कोणता आकडा आला याच्याशी त्याला काही घेणं नाही.

मटक्यात तर कापणी याहून मोठी. शून्य ते नऊ असे दहा आकडे. दहा रुपयाला साधारण नव्वद मिळतात. दहा जणांनी दहा आकड्यांवर दहा दहा रुपये लावले तर जमा १००, वाटप ९०. दर फेरीला शंभरातले दहा गेले. आता समजा जिंकलेला पैसा माणसं पुन्हा लावतात, आणि लावतातच. एक हजाराचे सरासरीने ९०० होतात, मग ८१०, मग ७२९, मग ६५६. सातव्या फेरीनंतर ४७८ उरतात, म्हणजे निम्म्याहून कमी. कोणी फसवलं नाही, कोणी चोरी केली नाही, तरी अर्धा पैसा गेला. गावात कोणा एकाला लागतो आणि त्याचीच बातमी होते. ज्या नव्वद जणांचं गेलं ते गप्प बसतात.

आता आपल्या गटाकडे बघा. आपण शेकडा दोन रुपयाने कर्ज घेतो तेव्हा ते व्याज कुठं जातं? आपल्याच पेटीत. वर्षाच्या शेवटी ते आपल्यालाच वाटून मिळतं. दोन्हीकडे पैसा फिरतो आणि दोन्हीकडे थोडा मागे राहतो. गटात मागे राहिलेला पैसा आपला असतो, जुगारात तो चालवणाऱ्याचा असतो.

खरा कॅसिनो आता खिशात आहे

गोव्याच्या बोटीवर जायला पैसा लागतो, वेळ लागतो. मोबाईलला काहीच लागत नाही. पाच-सहा वर्षांत रमी, आकडे, क्रिकेटच्या संघावर पैसे लावणं हे सगळं मोबाईलवर आलं. दार नाही, दारवान नाही, बंद व्हायची वेळ नाही. सोयाबीनची पट्टी खात्यावर जमा झाली की रात्रीतून गायब. ऊसतोडीची उचल फडावर पोहोचायच्या आत संपली. जून २०२५ मध्ये आपल्याच धाराशिव जिल्ह्यात ऑनलाइन रमीच्या कर्जापायी एका तरुणाचं सगळं घर संपल्याची बातमी आली. ती वाचून आपल्यातल्या कितीतरी जणींना त्या रात्री झोप लागली नाही.

त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. देशभरात ४५ कोटी लोक अशा खेळांत वर्षाला सुमारे २०,००० कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा अंदाज होता. या कायद्यातल्या आपल्या कामाच्या गोष्टी अशा:

– पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ चालवायला बंदी. कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद तिथं उरला नाही. रमीसुद्धा त्यात आली.
– असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड.
– त्याची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. मग तो कितीही मोठा नट किंवा खेळाडू असो.
– बँकांनी अशा खेळासाठी पैसे पाठवायचे नाहीत.
– खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. त्याला फसलेला मानलं आहे.

शेवटचा मुद्दा नीट लक्षात ठेवा. "तक्रार केली तर माझ्याच माणसाला धरतील" या भीतीने बायका गप्प बसतात. ऑनलाइन खेळाच्या बाबतीत ती भीती बाळगू नका. कंपन्यांनी या कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं आहे. पण कायदा झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ बंद केले. आता लिंक पाठवून, टेलिग्रामवर ग्रुप करून, परदेशातून चालणारे ॲप पुढे येतात. तिथं तर जिंकलेला पैसाही मिळत नाही.

आज आपल्या हातात काय आहे?

जुगारात हरलेली उधारी कोर्टातून वसूल करता येत नाही. १८७२ सालच्या करार कायद्यात पैजेचा करार रद्दबातल धरला आहे. "तुझ्या नवऱ्याकडे माझे पन्नास हजार आहेत, सही कर" असं म्हणत कोणी दारात आलं, तर ते पैसे जुगाराचे असतील तर घाबरून कोऱ्या कागदावर सही करू नका आणि सातबारा हातात देऊ नका. धमकी दिली तर ११२ ला फोन करा.

सावकाराकडून पैसे उचलले असतील तर त्याच्याकडे परवाना आहे का ते बघा. विनापरवाना सावकारी २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधक कार्यालयात किंवा धाराशिवला जिल्हा उपनिबंधकांकडे करायची. सावकारीत लिहून घेतलेली जमीन, चौकशी करून, परत देण्याचा आदेश तिथून होऊ शकतो.

तुमचे दागिने, म्हणजे तुमचं स्त्रीधन, तुम्हाला न विचारता मोडणं किंवा गहाण टाकणं हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे आर्थिक छळ आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते. १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आहे.

मोबाईलवर पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर तितका पैसा हाताबाहेर. गावात अड्डा चालत असेल तर ११२ ला कळवा, नाव गुप्त ठेवा असं सांगा. एकटीने जायची भीती वाटत असेल तर ग्रामसंघाचा ठराव करून पाच-दहा जणींनी मिळून ठाण्यात जा.

आणि ज्याला सवय लागली आहे त्याला नुसतं शिव्या देऊन सुटत नाही. दारूसारखीच तीही सवय आहे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत, फुकट, मनाच्या आजाराबद्दल बोलता येतं. हरल्यावर माणूस फार खचतो. "आता माझ्यानं होत नाही" असं तो म्हणायला लागला तर ते रागात बोलला म्हणून सोडून देऊ नका. त्याच्याजवळ बसा, औषधाच्या बाटल्या घरातून बाजूला करा आणि फोन लावा.

आपल्या गटाने एवढं करावं

कर्ज मंजूर करताना कारण लिहितो, तसं कर्ज वापरलं का तेही बघायला जा. शेळी घेतली म्हणते तर शेळी दाखव म्हणा. यात अविश्वास नाही. घरातल्याने पैसा मागितला तर ती ताई सांगू शकते, "गटातल्या बाया उद्या बघायला येणारेत." तिला तेवढंच कारण पुरतं. कर्जाची रक्कम तिच्या स्वतःच्या खात्यावर जाऊ द्या आणि तिच्या मोबाईलचा यूपीआय पिन तिच्याशिवाय घरात कुणालाच माहीत नसू द्या. हप्ता थकला तर चारचौघीत तिला लाज आणू नका. आधी एकटीला विचारा, घरात काय चाललंय.

त्या दिवशी बैठकीत ज्या ताईने तोंड उघडलं, तिचा हप्ता गटाने वाढवून दिला. तिच्यानंतर आणखी तिघींनी आपापलं सांगितलं.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी: आपल्या गावात जुगार कुठं कुठं चालतो? कुणाच्या घरात मोबाईलवर पैसे जातात? आणि उद्या सरकारने परवान्याचा जुगार आणायचं ठरवलं, तर आपल्या ग्रामसभेत आपण काय म्हणू? उत्तरं लिहून प्रभाग संघाकडे पाठवा.